शहराने आपला सार्वजनिक पैसा जीवाश्म इंधनांच्या अर्थपुरवठ्यातून काढून घ्यावा का?

अबोली

नमस्कार. शहराच्या तिजोरीतला पैसा प्रत्यक्षात तिजोरीत नसतो. नागरिकांनी भरलेला कर एखाद्या बँकेच्या खात्यात जमा होतो आणि पगाराचा किंवा देयकाचा दिवस उजाडेपर्यंत ती बँक अशाच ठेवींच्या बळावर कर्जे देत राहते. त्या कर्जदारांत नव्या कोळसा खाणी, तेलविहिरी आणि वायुवाहिन्या उभारणाऱ्या कंपन्याही असतात. कर्मचाऱ्यांचा निवृत्तिवेतन निधी तर बऱ्याच ठिकाणी थेट अशा कंपन्यांचे समभाग आणि रोखे बाळगून असतो. त्याच शहराला पूरसंरक्षक भिंती बांधाव्या लागतात, पावसाळी गटारे रुंद करावी लागतात आणि उष्णतेच्या लाटेत रुग्णालयांत जादा खाटा टाकाव्या लागतात. एका हाताने आगीत सरपण घालायचे आणि दुसऱ्या हाताने ती विझवण्याचा खर्च करायचा, हे मला पटत नाही.

'निर्गुंतवणूक' हा शब्द मी मुद्दाम टाळला आहे. आपल्या वर्तमानपत्रांनी तो सरकारी उद्योगांतील हिस्सा विकण्याच्या अर्थाने रूढ केला असल्यामुळे इथे त्याने गोंधळच होईल.

विचार नवा नाही. सप्टेंबर २०२० मध्ये न्यूयॉर्क, लंडन, बर्लिन, ऑस्लो, केपटाउन आणि डर्बन यांच्यासह बारा शहरांनी अशा आशयाच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. पैसा काढून घ्यावा असेच माझे मत आहे, पण एका प्रश्नाशी मी अडते. शहराने समभाग विकले की ते कोणीतरी विकत घेणारच; मग जमिनीखालचा कोळसा जमिनीखालीच राहील तो कसा? ज्यांनी सार्वजनिक पैसा प्रत्यक्ष हाताळला आहे, त्यांनी कृपया लिहावे.

हिशेबनीस

मी एका शहराच्या लेखा विभागात सव्वीस वर्षे काम केले, म्हणून आधी 'शहराचा पैसा' या शब्दांची फोड करतो. ती न केल्यामुळे अशा चर्चा भरकटतात.

पहिला पैसा रोजच्या व्यवहाराचा असतो: चालू खाते, अल्प मुदतीच्या ठेवी, कर्जफेडीसाठी बाजूला काढलेली रक्कम. तो कुठे ठेवावा यावर बहुतेक ठिकाणी कायद्याची कडक बंधने असतात. सुरक्षितता आधी, हवा तेव्हा हाती येण्याची सोय त्यानंतर आणि परतावा सर्वांत शेवटी, असा क्रम ठरलेला असतो. त्यामुळे या पैशातून तेल कंपनीचे समभाग घेतलेले सहसा आढळत नाहीत. इथे प्रश्न उरतो तो फक्त बँक कोणती निवडायची याचा. दुसरा पैसा निवृत्तिवेतन निधीचा. तो शहराचा नाही, कर्मचाऱ्यांचा आहे. शहर किंवा विश्वस्त मंडळ त्याचे राखणदार आहे. अबोली यांनी विचारलेला समभागांचा प्रश्न या दुसऱ्या पैशाला लागू पडतो.

बँक बदलणे म्हणजे काय, तेही सांगतो. महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवशी दुपारी आमच्याकडून पगाराची फाइल बँकेकडे जात असे. हजारो खाती आणि प्रत्येकाची वेगवेगळी कपात. त्यातच न्यायालयाने लावलेल्या जप्त्या आणि मृत कर्मचाऱ्यांच्या वारसांची देणी. एकदा त्या फाइलच्या मांडणीतला एक रकाना बँकेने न कळवता बदलला आणि सफाई कामगारांचा पगार तीन दिवस अडकला. तीन दिवस मी कार्यालयाच्या दारात उभा राहून लोकांची समजूत काढत होतो. इतक्या व्यवहारांचा भार पेलू शकणाऱ्या बँका फार नसतात आणि ज्या असतात, त्याच बहुधा ऊर्जा कंपन्यांच्याही मोठ्या कर्जदात्या असतात. मी प्रस्तावाच्या विरोधात नाही, पण आदल्या रात्री ठराव करून दुसऱ्या सकाळी बँक बदलता येत नाही.

ध्रुव

हिशेबनीस म्हणतात तेच अमेरिकेतील सिएटल शहरात घडले. डकोटा अ‍ॅक्सेस तेलवाहिनीला कर्ज देणाऱ्यांत वेल्स फार्गो बँक होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये सिएटलच्या नगर परिषदेने एकमताने ठरवले की, करार संपल्यावर या बँकेशी व्यवहार करायचा नाही. शहराची वर्षाकाठी सुमारे तीन अब्ज डॉलरची उलाढाल तिच्यामार्फत होत होती. मग नव्या बँकेसाठी निविदा मागवल्या, तर एकही योग्य बँक पुढे आली नाही. अखेर २०१८ मध्ये शहराला पुन्हा वेल्स फार्गोकडेच जावे लागले.

अबोली

ध्रुव, हे वाचून मन खट्टू झाले. म्हणजे हा मार्ग बंदच आहे असे समजायचे का?

कंदील

अबोली, मार्ग बंद नाही, पण पर्याय हाती नसताना दार आपटले की काय होते ते सिएटलने दाखवले. त्यातून पुढचा विचारही निघाला. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदा करून शहरांना आणि परगण्यांना स्वतःची सार्वजनिक बँक स्थापण्याची मुभा दिली. अमेरिकेत अशा बँकेचा जुना नमुना आहे: बँक ऑफ नॉर्थ डकोटा १९१९ पासून चालू आहे आणि त्या राज्याचा सरकारी पैसा तिच्यातच जमा होतो. मात्र ते राज्य स्वतःच तेल काढणारे आहे, हे विसरू नये. बँक सार्वजनिक झाली म्हणून तिचा पैसा आपोआप स्वच्छ होत नाही. कोणाला कर्ज द्यायचे नाही हे तिच्या घटनेतच लिहून ठेवावे लागते.

वाटाड्या

माझे मत वेगळे आहे आणि ते मी पूर्ण विचाराने मांडत आहे.

मी एका कर्मचारी निवृत्तिवेतन निधीच्या विश्वस्त मंडळावर आठ वर्षे आहे. आमच्या बैठकीत प्रत्येकासमोर गुंतवणुकीचे जाडजूड बाड ठेवलेले असते आणि त्याच्या मागच्या पानांत निवृत्त कर्मचाऱ्यांची पत्रे लावलेली असतात. एका निवृत्त परिचारिकेचे पत्र मी जपून ठेवले आहे. तिने एवढेच विचारले होते की, तुम्ही माझ्या पैशाने तुमच्या तत्त्वांची किंमत मोजणार का? विश्वस्त म्हणून मला माझी तत्त्वे बाजूला ठेवून तिच्या म्हातारपणाचा विचार करावा लागतो. २०२२ या वर्षात अमेरिकी बाजाराचा ५०० कंपन्यांचा मुख्य निर्देशांक सुमारे १९ टक्क्यांनी घसरला आणि त्याच निर्देशांकातला ऊर्जा विभाग जवळपास ६० टक्क्यांनी वाढला. त्या वर्षी ज्या निधीकडे तेल कंपन्या नव्हत्या, त्याच्या विश्वस्तांनी सभासदांना काय उत्तर दिले असेल?

शिवाय समभाग विकून टाकला की सर्वसाधारण सभेतला आवाजही जातो. २०२१ मध्ये इंजिन नंबर वन नावाच्या एका छोट्या गुंतवणूक संस्थेने एक्सॉनमोबिल या अमेरिकी तेल कंपनीचे जेमतेम ०.०२ टक्के समभाग हाती असताना तिच्या संचालक मंडळावर आपले तीन उमेदवार निवडून आणले. मोठ्या निवृत्तिवेतन निधींनी तिच्या बाजूने मते दिली म्हणून ते शक्य झाले. ते निधी आधीच बाहेर पडले असते, तर मते द्यायला कोण उरले असते?

पारिजात

वाटाड्या, त्या परिचारिकेचा प्रश्न अगदी रास्त आहे, पण तो दोन्ही बाजूंनी विचारला पाहिजे. तुम्ही एका वर्षाचा आकडा दिलात. मी कोळशावर विसंबलेल्या शहरांची गोष्ट सांगते.

जर्मनीच्या ऱ्हुर खोऱ्यातील एसेन, डॉर्टमुंड, म्युलहाइम अशा शहरांकडे आरडब्ल्यूई या वीज कंपनीचे समभाग पिढ्यान्‌पिढ्या होते आणि सगळ्या नगरपालिकांचा मिळून हिस्सा कंपनीच्या सुमारे एक चतुर्थांश होता. लाभांशाचा पैसा थेट शहराच्या अंदाजपत्रकात येत असे आणि त्यावर जलतरण तलाव, ग्रंथालये, बससेवा चालत. पुढे पवन आणि सौर विजेमुळे घाऊक बाजारातले दर कोसळले, अणुवीज बंद करण्याचा निर्णय झाला, कोळशावरची केंद्रे तोट्यात गेली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनीने सामान्य समभागांवर लाभांश देणार नसल्याचे जाहीर केले. जो पैसा गृहीत धरून अंदाजपत्रके आखली जात होती, तो एका घोषणेने नाहीसा झाला. म्युन्स्टर शहराने मात्र २०१५ मध्येच जीवाश्म इंधनांतून बाहेर पडायचे ठरवले होते. असे ठरवणारे ते जर्मनीतले पहिले शहर.

त्याच २०१६ च्या एप्रिलमध्ये पीबडी एनर्जी या अमेरिकेतील सर्वांत मोठ्या खासगी कोळसा कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. २० एप्रिल २०२० रोजी तर अमेरिकेत तेलाच्या वायद्याचा, म्हणजे पुढच्या तारखेच्या खरेदी कराराचा, दर शून्याच्या खाली, पिंपामागे उणे ३७ डॉलरपर्यंत गेला. तेव्हाही त्या परिचारिकेने पत्र लिहायला हवे होते. २०१५ मध्ये बँक ऑफ इंग्लंडचे तत्कालीन गव्हर्नर मार्क कार्नी यांनी विमा व्यावसायिकांसमोर हाच इशारा दिला होता: हवामानबदलाचे परिणाम गुंतवणूकदारांच्या नेहमीच्या नजरेच्या पलीकडे आहेत, आणि ते नजरेत येतील तेव्हा उशीर झालेला असेल. तीस वर्षे निवृत्तिवेतन द्यायचे असेल, तर विश्वस्ताची नजरही तीस वर्षे लांब जायला नको का?

आणि सभेतल्या आवाजाबद्दल. तीन संचालक बदलले, हे खरे. पण कंपनीचा मुख्य व्यवसाय तेल आणि वायूचाच राहिला. बँकांचेही तसेच झाले. एप्रिल २०२१ मध्ये त्यांनी हरितगृह वायूंचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्यासाठी मोठ्या गाजावाजाने आघाडी स्थापली. २०२४ च्या अखेरीपासून अमेरिकेतल्या मोठ्या बँका एकापाठोपाठ एक बाहेर पडल्या आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या आघाडीने आपले काम थांबवले. ज्या वचनाला मोडल्याची काहीच किंमत नाही, त्यावर शहराने किती काळ विसंबायचे?

सावली

पारिजात यांच्याशी शब्दशः सहमत आहे.

अनुस्वार

अबोली यांचा मूळ प्रश्न मागे पडला आहे, तो मी पुन्हा वर आणतो. समभाग विकल्याने काय साधते?

वर्णद्वेषी राजवटीच्या काळात दक्षिण आफ्रिकेत व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांचे समभाग अमेरिकेतील विद्यापीठांनी आणि शहरांनी मोठ्या प्रमाणावर विकले. त्याचा शेअर बाजारावर काय परिणाम झाला याचा अभ्यास तीन अर्थशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केला आणि परिणाम जवळजवळ दिसत नाही, असा निष्कर्ष काढला. वाटाड्या यांची शंका या बाबतीत खरी ठरते. जुना समभाग या हातातून त्या हातात गेला, तर कंपनीच्या खात्यातून एक पैसाही कमी होत नाही.

मात्र त्याच इतिहासातली दुसरी घटना पाहा. १९८५ च्या जुलैअखेरीस चेस मॅनहॅटन बँकेने दक्षिण आफ्रिकेच्या अल्प मुदतीच्या कर्जांचे नूतनीकरण करायचे नाकारले, इतर बँकांनी तिचे अनुकरण केले आणि सप्टेंबरमध्ये त्या सरकारला परकीय कर्जाची परतफेड स्थगित करावी लागली. बँकेला तिथल्या अशांततेची धास्ती होती, तसाच घरच्या ठेवीदारांचा आणि भागधारकांचा दबावही तिच्यावर होता. राजवट त्यानंतरही काही वर्षे टिकली, हे मान्य. पण तिचा श्वास कोंडला तो कर्ज थांबल्यामुळे.

म्हणून मला वाटते की, आपण चुकीच्या खिशाकडे बघत आहोत. नवी वाहिनी किंवा नवी खाण उभी राहते ती नव्या कर्जावर, नव्या रोख्यांवर आणि विम्यावर. निवृत्तिवेतन निधीने नवे रोखे घेतले नाहीत आणि शहराच्या बँकेने नव्या प्रकल्पाला कर्ज दिले नाही, तर त्या प्रकल्पाचे भांडवल खरोखर महागते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने मे २०२१ च्या अहवालात २०५० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचा जो मार्ग आखला, त्यात आधीच मंजूर झालेल्यांपलीकडे नव्या तेल आणि वायू क्षेत्रांना जागा नव्हती. तेव्हा शहराने पहिली रेघ 'नव्या' या शब्दाखाली ओढावी.

वाटाड्या

अनुस्वार, नव्या रोख्यांचा मुद्दा मी आमच्या पुढच्या बैठकीत मांडू शकतो, कारण त्यात हातातले समभाग घाईने विकण्याचा तोटा नाही. पारिजात यांचे ऱ्हुर खोऱ्याचे उदाहरणही मला विचारात घ्यावे लागेल. तरीही सरसकट विक्रीला माझा विरोध कायम आहे.

विश्वस्तांवर खटले भरले जातात, हेही लक्षात असू द्या. न्यूयॉर्क शहराने जानेवारी २०१८ मध्ये जीवाश्म इंधनांतून बाहेर पडण्याचे जाहीर केले. तिथल्या पाच निधींपैकी तिघांनी तसे केले. पोलीस आणि अग्निशमन दलाचे निधी त्यात सामील झाले नाहीत. त्या तीन निधींवर काही कर्मचाऱ्यांनी २०२३ मध्ये दावा लावला.

हिशेबनीस

आणि २०२४ मध्ये तो फेटाळला गेला. मला त्यातले कारण महत्त्वाचे वाटते. या कर्मचाऱ्यांचे निवृत्तिवेतन ठरावीक आहे, निधीला तोटा झाला म्हणून ते कमी होत नाही. तेव्हा त्यांचे नुकसान झालेलेच नाही, असे न्यायालयाने मानले. मग तूट आली तर ती कोण भरणार? शहर, म्हणजे करदाते. ज्या शहरात निवृत्तिवेतनाची रक्कम हमीची आहे, तिथे जोखीम परिचारिकेच्या अंगावर पडत नाही, सगळ्या नागरिकांच्या अंगावर पडते. म्हणून तिथे नागरिकांना या निर्णयात बोलण्याचा हक्क आहे असे मी मानतो. जिथे रक्कम बाजारावर अवलंबून आहे, तिथे मात्र वाटाड्या यांच्या परिचारिकेला विचारल्याशिवाय कोणी पुढे जाऊ नये.

चंद्रकोर

मी या धाग्यावर पहिल्यांदाच लिहीत आहे. माझे पती औष्णिक वीज केंद्रात कोळसा हाताळणी विभागात आहेत. रात्रपाळीहून घरी आल्यावर ते आधी नळाखाली मान धरतात आणि पहिले पाणी काळे जाते. या धुळीचे प्रेम आम्हाला नाही. पण ठराव करणाऱ्यांच्या भाषणात केंद्र बंद होण्याची तारीख असते आणि तिथल्या माणसांचे पुढे काय होणार याबद्दल एक वाक्यही नसते, तेव्हा मनाला लागते. पैसा काढून घेणार असाल, तर तो कुठे घालणार हे त्याच ठरावात लिहा. नव्या वीज जाळ्यात किंवा घरांच्या दुरुस्तीत घाला, आणि तिथली कामे आधी या कामगारांना मिळतील अशी अट ठेवा.

कंदील

चंद्रकोर, तुमचा मुद्दा ठरावाच्या तळटीपेत ढकलण्यासारखा नाही. माझ्या आधीच्या प्रतिसादात तो यायला हवा होता.

ध्रुव

आणखी एक सावधगिरी. टेक्सासने २०२१ मध्ये नेमका उलटा कायदा केला: ऊर्जा कंपन्यांवर 'बहिष्कार' घालणाऱ्या वित्तसंस्थांशी सरकारी संस्थांनी व्यवहार करायचा नाही. हा कायदा आणि बंदूक उद्योगाविषयीचा तसाच दुसरा कायदा यांमुळे शहरांचे कर्जरोखे बाजारात आणणाऱ्या पाच मोठ्या बँका तिथून बाहेर पडल्या आणि स्पर्धा कमी झाली. दोन अर्थशास्त्रज्ञांच्या अंदाजानुसार पहिल्या आठ महिन्यांत घेतलेल्या सुमारे ३२ अब्ज डॉलरच्या कर्जावर तिथल्या शहरांना ३० ते ५३ कोटी डॉलर इतके जादा व्याज पडले. हेतू कोणताही असो, बँकांची यादी कायद्याने छाटली की उरलेल्या बँका जास्त दर लावतात. आपल्या बाजूनेही हा हिशेब आधी मांडला पाहिजे.

हिशेबनीस

बरोबर. म्हणूनच मी बँकेवर बंदी घालण्याऐवजी निविदेत गुण ठेवीन. शंभरांपैकी समजा पंधरा गुण यासाठी: नव्या कोळसा, तेल आणि वायू प्रकल्पांना दिलेले कर्ज दरवर्षी जाहीर करावे आणि ते घटत असल्याचे दाखवावे. पगार, करवसुली आणि ठेवी यांच्या निविदा वेगळ्या काढल्या, तर ठेवींच्या कामासाठी लहान बँका आणि सहकारी पतसंस्थाही पुढे येऊ शकतात. पगाराची फाइल मोठ्या बँकेकडेच राहू द्या. पडून असलेला पैसा हलवायला सोपा असतो आणि बँकेला दुखतेही तिथेच.

अबोली

सर्वांची मनापासून आभारी आहे. सुरुवातीला मी 'काढून घ्यावा का' असे एकच विचारले होते. त्यात किती वेगवेगळे पैसे आणि किती वेगवेगळी माणसे गुंतली आहेत, हे मला ठाऊक नव्हते. काढून घ्यावा, हे माझे मत कायम आहे. आमच्या नागरिक गटाकडून नगर परिषदेला देण्यासाठी मी मसुदा लिहिला आहे. कृपया तपासावा.

"एक: शहराच्या अखत्यारीतील कोणत्याही निधीतून कोळसा, तेल किंवा वायूचा नवा प्रकल्प उभारणाऱ्या कंपन्यांचे नवे रोखे आजपासून घेतले जाणार नाहीत. दोन: पुढील बँक निविदेपासून पगार, वसुली आणि ठेवी यांची कामे शक्यतो स्वतंत्र दिली जातील आणि जीवाश्म इंधनांच्या कर्जांविषयीच्या माहितीला गुण असतील. तीन: कोळसा कंपन्यांचे हाती असलेले समभाग पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने विकले जातील; निवृत्तिवेतन निधीच्या बाबतीत त्यापूर्वी सभासदांचे मत घेतले जाईल. चार: यातून मोकळी होणारी रक्कम कशात गुंतवली आणि त्यातून बंद होणाऱ्या केंद्रांतील किती कामगारांना काम मिळाले, याचा अहवाल दरवर्षी अंदाजपत्रकासोबत मांडला जाईल."

वाटाड्या

तिसऱ्या कलमात सभासदांचे मत घेण्याची तरतूद केल्याबद्दल आभार. ती असेल, तर मी या मसुद्याला विरोध करणार नाही.

चंद्रकोर

चौथ्या कलमात कंत्राटी कामगारांचा स्पष्ट उल्लेख करा. कोळसा हाताळणीत बहुतेक तेच असतात आणि कायम कामगारांच्या यादीत त्यांची नावे सापडत नाहीत.

हिशेबनीस

दुसऱ्या कलमातला 'शक्यतो' हा शब्द काढून टाका. माझ्या सव्वीस वर्षांत ज्या ठरावात तो शब्द होता, त्याची फाइल त्या शब्दापाशीच थांबलेली मी पाहिली आहे. आणि निविदेची तारीखही घाला. चालू करार संपण्याच्या किमान अठरा महिने आधी ती निघाली पाहिजे, नाहीतर सिएटलसारखी वेळ येईल.